बाराजणांना बत्तीस कोर

आमच्या ऑफिसात काही फेकून द्यायची पद्धत नाही. छपाईचे शिशाचे जुने खिळे, तुटके कीबोर्ड, दांडी नसलेले चष्मे, सगळं माळ्यावर सुखात पडून असतं. किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कुणी जमवत नाही. पण चार वाजता चहाचे कुल्हड आले की कुणीतरी एखादा खाली काढतो, फुंकर मारून धूळ उडवतो, सगळे हसतात आणि तो पुन्हा वर जातो. गेल्या वर्षी आम्ही सर्व्हर घेतला. तेव्हापासून माळ्यावर जागाच उरलेली नाही!

ऑफिस म्हणजे काशीत, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, बारा टेबलं. बाहेरगावचे प्रकाशक संस्कृत ग्रंथ पाठवतात, आम्ही कम्प्युटरवर त्यांची पानं लावून देतो. वेदाचं पान असलं की अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ, पायाशी आडवी रेघ, अशा स्वरांच्या खुणा असतात. एक रेघ शेजारच्या अक्षरावर सरकली की पान वाया. आणि ती सरकलेली रेघ अख्ख्या ऑफिसात फक्त आप्पांना दिसते. आप्पा म्हणजे आमचे प्रूफं तपासणारे. वय सत्तरीच्या पुढे, अख्खी संहिता तोंडपाठ.

तर आप्पांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला, आणि ऑफिसच्या पायऱ्या एकेचाळीस. तरी ते काठी टेकत येतच होते. मुलगा पुण्याला. तो कधीपासून म्हणतोय, "एकटे कशाला राहता, इकडे या." आप्पांनी त्याला कबूल करून टाकलं होतं, काम आहे तोवर काशी, काम सुटलं की पुणे. जायचं त्यांच्या मनात नव्हतं. ते बोलत नसत, पण संध्याकाळी निघताना खिडकीतून गंगेकडे जरा जास्तच वेळ बघायला लागले होते.

पानं घरी नेता येत नाहीत. ग्रंथ ऑफिसबाहेर जाणार नाही, अशी प्रकाशकांची अट असते. शिवाय आमचे बाराही कम्प्युटर एकदमच म्हातारे झाले होते. तेव्हा मालक वसंतकाका मला म्हणाले, "ऋजू, तू कम्प्युटरचं शिकलीयस ना? आप्पांना घरून काम करता येईल असं काहीतरी आण."

मी बीसीए आहे खरी, पण नोकरीला लागले होते टायपिंगवर. काका मागून बोलले म्हणून मी दचकले, मान हलली, आणि काकांना वाटलं मी हो म्हटलं.

*

माझ्या दचकण्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडचण नको. मी पाल चुकचुकली तरी दचकते, फोन वाजला तरी दचकते. कुणी "दचकू नकोस हं" म्हटलं की हमखास! वसंतकाका बिचारे जिन्यातूनच ओरडत येतात, "ऋजू, मी येतोय गं, घाबरू नकोस!"

मी त्या ओरडण्याला दचकते.

*

आप्पांना समजावून सांगायचं काम माझ्याकडेच आलं. मी सांगितलं, "आप्पा, तुमचा कम्प्युटर खरा इथंच, सर्व्हर नावाच्या मोठ्या यंत्राच्या पोटात राहणार. ग्रंथ तिथून हलणार नाही. तुमच्या घरी फक्त त्याचं चित्र दिसणार. तुम्ही घरून माऊस हलवायचा, इथं बाण हलणार. याला व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. आभासी."

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "आभासी म्हणजे काय, ठाऊक आहे? अंधारात दोरी पडलेली असते आणि आपल्याला साप दिसतो. तो आभास. मग काय, या वयात मी सापावर प्रूफं तपासू?"

मी पाय वर घेतले. साप म्हटल्यावर घेणारच ना!

आप्पा हसायला लागले, आणि मला एकदम वाटलं की हा माणूस पुण्याला गेला तर मला असं हसणार कोण. त्या दिवसापासून सर्व्हरचा विषय माझ्या छातीत येऊन बसला. चुकीचं यंत्र आलं, घरी बाण अडकत अडकत चालला, तर आप्पा दोन दिवसांत वैतागून "राहू दे" म्हणतील आणि तिकीट काढतील. माझ्यामुळे. रात्री डोळे मिटले की मला छोटे छोटे बाण गंगेवरून तरंगत जाताना दिसायचे.

*

यंत्रं विकणारे मिश्राजी आले. तोंडात पान, हातात डायरी. त्यांना आमच्याकडे सगळे मराठीत बोलतात ते निम्मं समजतं, आम्हाला त्यांचं पानातलं निम्मं समजतं. अशी मिळून एक भाषा पूर्ण होते.

"बारह आदमी? तो बत्तीस कोर रखिए."

कोर म्हणजे यंत्राच्या मेंदूतली एकेक कामाची जागा. पण शेजारी शालूताई पानं लावत बसली होती. ती आमच्यातली सगळ्यात जुनी कारागीर. तिच्या कानावर फक्त 'कोर' पडली, आणि आमच्या घरांत कोर म्हटलं की भाकरीची.

"बाराजणांना बत्तीस?" तिनं बोटांवर मोजलं. "प्रत्येकाला अडीच. पुरे. आप्पांना एकच दे, ते कुठं जास्त घेतात! पण अडीच-अडीच वाढून दोन उरतात गं. त्या कुणाच्या पानात?"

मी घाबरून मिश्राजींकडे बघितलं, आता हे हसणार. मिश्राजी पान बाजूला सारून गंभीरपणे म्हणाले, "बहिनजी का हिसाब एकदम सही है. वो दो सर्वर खुद खाएगा."

आणि खरंच तसंच असतं! मी नंतर चार ठिकाणी वाचलं. आठवडाभर वाचून मला जे कळलं नव्हतं, ते शालूताईनं भाकरीवर सोडवलं.

*

तरी मला भरवसा वाटेना. कुणी म्हणतं बत्तीस, कुणी म्हणतं सोळा पुरे. म्हटलं आपण मोजूनच बघावं. बाराही कम्प्युटरांवर एक छोटा प्रोग्रॅम टाकला. कोण किती मेमरी खातंय, मेंदू किती शिणतोय, सगळं लिहून ठेवणारा. तीन दिवस मोजलं.

तक्ता बघून मी आनंदानं खुर्चीतच झुलायला लागले. रेघ अगदी सपाट! थंडीतल्या सकाळच्या गंगेसारखी, एक लाट नाही. म्हणजे आमचं काम फारच हलकं. छोटंसं, स्वस्तातलं यंत्र पुरेल. मी मिश्राजींना फोन करून सांगितलं, छोटं कोटेशन पाठवा. आणि तक्ता आप्पांना दाखवायला घेऊन गेले.

आप्पांनी तो उभा धरला, आडवा धरला. मग विचारलं, "मोजलंस कुठल्या तिथीला?"

"तिथी? तारीख सांगू का?"

"तिथी."

भिंतीवरचं पंचांग बघितलं. चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा.

आप्पांनी तक्ता माझ्या हातात परत ठेवला. आणि मी ती तिन्ही नावं पुन्हा वाचली. या तिन्ही तिथींना अनध्याय! या दिवशी वेद वाचायचे नाहीत, शिकवायचे नाहीत, हा जुना नेम. आमच्याकडे तो अजून पाळतात. त्या दिवशी वेदाची पानं कुणी उघडतसुद्धा नाही. लग्नाच्या पत्रिका लावायच्या, टेबलाचे खण आवरायचे आणि गप्पा मारायच्या. मी तीन दिवस गप्पांचं वजन करत होते!

"ग्रंथच उघडला नाही," आप्पा म्हणाले, "तर यंत्र बिचारं काय करेल? जप?"

मिश्राजींना फोन करून कोटेशन थांबवायला सांगितलं, कारणही सांगितलं. पलीकडून आवाज आला, "मैडम, आपके यहाँ सर्वर भी पंचांग देखकर आएगा?"

*

पुढच्या आठवड्यात तिथी बघून मोजलं. आता दिवसभर छान टेकड्या-टेकड्या दिसत होत्या. पण रोज सकाळी दहाला रेघ सरळ आकाशात! जणू कुणी घाटावरून पतंग सोडलाय.

मिश्राजी म्हणाले, "दस बजे क्या होता है? पूजा?"

तसंच काहीसं. आम्ही सगळे उभं राहून शांतिपाठ म्हणतो. तिसऱ्या 'शांतिः'ला खाली बसतो आणि बाराही जण एकाच क्षणी बटण दाबतो. आजवर बारा वेगळे कम्प्युटर होते म्हणून चाललं. आता बाराही जण एकाच यंत्राला एकदम जागं करणार. ते गुदमरणारच.

"दो उपाय हैं," मिश्राजींनी बोटं दाखवली. "या तो डिस्क तेज़ वाली लीजिए, एसएसडी. या फिर लोग एक-एक करके बैठें, पाँच-पाँच मिनट पर."

वसंतकाकांना दुसरा उपाय फार आवडला. त्यांनी आप्पांना विचारलं.

आप्पा म्हणाले, "म्हणजे बाराजणांना पाळीपाळीनं शांती?"

एसएसडी घ्यायच्या ठरल्या.

*

मग जागा. मिश्राजींनी अटी सांगितल्या. "धूल नहीं, धूप नहीं, नमी नहीं, बंदर नहीं."

वसंतकाका म्हणाले, "असली जागा काशीत असती तर मी स्वतः नसतो का राहायला गेलो?"

शेवटी मागची खोली निघाली. नदीच्या बाजूची, पण झरोका उंचावर, त्याला जाळी. मिश्राजींनी आठवडाभरासाठी एक यंत्र नमुन्याला आणून ठेवलं, पट्टीसारखं चपटं, कपाटात बसवायचं. चालू केलं आणि असा आवाज झाला की मी थेट जिन्यात! शालूताईनं हाताला धरून परत आणलं. त्यातल्या छोट्या पंख्यांचा आवाज होता तो. दहा मिनिटांत शेजारच्या घरातून निरोप आला, "विमान उतरलं का?" ते यंत्र त्याच दिवशी परत गेलं, आणि दुसरं आलं, उभं, कपाटासारखं. मोठ्या पंख्याचं, शांत.

त्याच्याजवळ बसून खोलीचं तापमान दर अर्ध्या तासाला लिहायचं, असं ठरलं. दुपारची वेळ. झरोक्यातून गंगेवरचा उजेड आत येऊन छतावर हलत होता, कुणी पाण्याचं जाळं वाळत घातल्यासारखा. यंत्र बारीक सुरात घुमत होतं. शालूताई लहानपणी गाणं शिकलेली. ती दारातून जाता जाता थांबली, कान देऊन पट्टी सांगितली, "पांढरी चार." खालून कुठूनतरी नावेच्या वल्ह्यांचा आवाज येत होता, चुबुक, चुबुक. माझी पाठ भिंतीला टेकली. मला वाटलं, मीच एका मोठ्या यंत्राच्या पोटात आहे, आणि माझं चित्र कुठंतरी दुसरीकडे, दुसऱ्याच घरात दिसतंय. तिथली ऋजू अजिबात दचकत नाही.

"किती आहे गं तापमान?" काकांनी जिन्यातून ओरडून विचारलं. संध्याकाळ झाली होती. वहीत दोनच आकडे, आणि त्यांच्याखाली पेनाची एक लांब घसरलेली रेघ.

मी म्हटलं, "काका, बरं होतं."

*

शेवटचा प्रश्न मला आप्पांनीच घातला. "हे तुझं एक यंत्र बंद पडलं तर?"

"तर... बाराही बंद."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

"मग दोन घे."

म्हटलं, बरोबर आहे. एका मोठ्याऐवजी दोन छोटी, सोळा-सोळा कोरांची. प्रत्येकावर सहाजण. मेमरीही निम्मी-निम्मी वाटून दिली. मिश्राजींनी कोटेशन बनवलं, वसंतकाका सही करायला बसले. आप्पा शेजारी होते. ते मान वाकवून कागद वाचत होते.

"हे निम्मं-निम्मं काय आहे?"

"आप्पा, ती मेमरी. म्हणजे... यंत्राला एका वेळी जेवढं डोक्यात धरता येतं तेवढं."

"पाठ म्हण ना." आप्पा सावरून बसले. "ऋजू, संहिता म्हणायला आम्ही दोघं समोरासमोर बसतो. एक चुकला की दुसरा सावरतो, एकाला ठसका लागला की दुसरा पुढे नेतो. का जमतं? दोघांनाही सगळं पाठ असतं म्हणून. एकाला पहिलं अर्धं आणि दुसऱ्याला उरलेलं अर्धं पाठ असेल, तर ठसका लागल्यावर काय करायचं? माना हलवायच्या?"

मी मनातल्या मनात मोजलं. एक यंत्र बंद पडलं की बाराही जण दुसऱ्यावर येणार. कोर एक वेळ दाटीवाटीनं वाटून घेता येतील, काम सावकाश चालेल. पण मेमरी निम्मीच असली तर निम्म्यांना जागाच नाही! आणि ग्रंथही दोन्हीकडे हवेत. मी हे पुस्तकात वाचलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती.

काकांचं पेन कागदावर टेकलं होतं. मी ओरडले, "काका, थांबा!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे दुसरं कुणी दचकलं. काकांची सही छतापर्यंत गेली.

नवं कोटेशन आलं, दोघांनाही बाराजणांची पूर्ण मेमरी. खाली मिश्राजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "पंडितजी को प्रणाम. हमारे इंजीनियर से भी यही गलती हुई थी."

*

आणि मग यंत्रं लागली. आप्पांच्या घरी, संकठा घाटाजवळच्या त्यांच्या एका खोलीत, चौरंगावर पडदा आणि डबीएवढं एक खोकं. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसले. बाण अडकतोय का, अक्षर मागून येतंय का, श्वास धरून बघत होते. आप्पा तासभर पानं वरखाली करत राहिले.

मग म्हणाले, "तिसऱ्या ओळीत रेघ सरकलीय."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "सर्व्हरमुळे?"

"सर्व्हर कशाला सरकवेल? हे पान तू लावलंयस."

तरी पुण्याचं त्यांनी ठरवलं नव्हतं. "आठवडाभर बघतो. शनिवारी मुलाचा फोन येईल, तेव्हा काय ते सांगेन," एवढंच. आठवडाभर मी दर तासाला त्यांच्या नावासमोरचा हिरवा ठिपका बघत होते. तो सकाळी दहाला लागे आणि सहाला विझे. एकदाही हलला नाही. पण आप्पांचा फोनही नाही, बरंही नाही, वाईटही नाही.

शनिवारी दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. मी उठून उभी राहिले. दारात आप्पा! उपरणं घामानं भिजलेलं, एक हात भिंतीला. पडद्यावर त्यांचा हिरवा ठिपका तसाच लागलेला.

"आप्पा, अडकलं का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"बाण हळू चालतोय?"

"उत्तम चालतोय."

"मग मुलाचा फोन...?"

"आला होता."

"काय सांगितलंत?"

धापा टाकत आप्पा आत आले आणि खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले. ती आठवडाभर रिकामी होती. बाहेर गंगा दुपारच्या उन्हात पांढरी झाली होती. आप्पा बघत राहिले. खुर्चीकडे, खिडकीकडे, परत खुर्चीकडे.

तेवढ्यात शालूताई प्रुफांचा मोठा गठ्ठा घेऊन आतून आली. तिनं आप्पांना बघितलंच नाही. ती नेहमीसारखी रिकाम्या खुर्चीवर गठ्ठा ठेवायला वाकली.

"तिथं नको गं," आप्पा म्हणाले. "मी बसलोय."

आणि काठी टेकत वळले, घरच्या पडद्यावरचं उरलेलं काम पुरं करायला जिना उतरायला लागले.

शालूताईनं गठ्ठा पटकन वर उचलला, दोन पावलं मागे सरली आणि खुर्चीकडे बघून म्हणाली, "चुकलं, आप्पा."